चवळीच्या तासाला पंप लावू नको

बापू, यंदा पऱ्हाटी पेरशील तेव्हा दर आठ-दहा तासांमागे एक तास चवळीचा टाक. धुऱ्याला मका लाव. तुरीचे तास आपण टाकतोच, ते राहू दे.

चवळीवर काळा मावा लवकर चढतो. तो दिसला की हात शिवशिवतात, पण थांब. पऱ्हाटीवरचा मावा वेगळा, पिवळट-हिरवा. हा काळा ढालकिड्यांसाठी मांडलेलं ताट आहे. ते इथं खातात, अंडी घालतात, वाढतात, आणि चवळी वाळायला लागली की शेजारच्या पऱ्हाटीवर येतात. त्यांना दोन्ही मावे सारखेच.

एका वर्षी मला हे कळलं नाही. चवळीचे शेंडे काळे पडलेले पाहून मी पंप पाठीवर घेतला. चवळी साफ झाली, तसे ढालकिडेही साफ झाले. पुढं पऱ्हाटीची पानं चिकट होऊन वळली, तेव्हा तो मावा खायला वावरात कोणी उरलं नव्हतं. त्या साली फवारणीवर जेवढा पैसा गेला, तेवढ्यात तुझ्या आत्याचं लुगडं झालं असतं.

आणखी एक. ढालकिड्याचं पिल्लू ढालीसारखं नसतंच. काळसर, लांबट, अंगावर केशरी ठिपके, अगदी इवलीशी मगर. कितीतरी जण अळी समजून ते बोटानं चिरडतात. पानाखाली पिवळी, उभी, दाटीनं घातलेली अंडी त्याच्याच आईची. केसाएवढ्या देठावर टेकलेलं एकटं अंडं दिसलं तर ते क्रायसोपा या मित्रकिड्याचं, तेही आपलंच. चवळीवर मुंगळ्यांची रांग लागली असेल तर मात्र लक्ष दे. माव्याच्या गोड चिकट्यासाठी ते त्याची राखण करतात आणि ढालकिड्याला हुसकतात.

गुलाबी बोंडअळीला यातलं काही लागू नाही. ती बोंडात शिरली की ढालकिडा तिथं पोचत नाही, तिच्यासाठी कामगंध सापळेच लाव.

पंप कधी काढायचा? वावरात फिरून पऱ्हाटीच्या वीस-पंचवीस झाडांची पानं उलटी करून मावा मोज. पानामागे सरासरी दहा मावे भरले आणि ढालकिडे दिसत नसले, तर मला हाक मार. तोवर पंप कोठ्यातच राहू दे.