सूज किती वेळात आली?

चि. श्रीधर यास अनेक उत्तम आशीर्वाद.

वाढीच्या वयातील मुलाच्या गुडघ्याला मार बसला असता ‘कोठे दुखते’ यापेक्षा ‘सूज किती वेळात आली’ हा प्रश्न अधिक सांगून जातो. आंतरशालेय कबड्डीत चढाई करताना पाय पिरगळून पडलेल्या बारा वर्षांच्या मुलीला, श्रीधरच्या दवाखान्यात हा प्रश्न न विचारताच आणि एक्स-रे न काढताच, ‘लचकले आहे’ म्हणून क्रेप बँडेज बांधले गेले व आठवड्याने खेळण्याची मुभा मिळाली, अशी वार्ता दादांकडून पुण्यास पोहोचल्यामुळे हे पत्र लिहिणे भाग पडले. दादांच्या बोलण्यात तिखटमीठ किती असते हे घरात सर्वांना ठाऊक आहे. त्यातले निम्मे सोडून दिले तरी उरलेले निम्मे पत्रलेखकाची झोप उडवण्यास पुरेसे आहे.

पडल्यापासून दोन-चार तासांतच गुडघा टम्म फुगला असेल, तर सांध्यात रक्तस्राव झाला आहे असे धरून चालावे, कारण साध्या लचकीची सूज सावकाश, बहुधा दुसऱ्या दिवशी चढते. मुलांच्या गुडघ्यात असे रक्त भरण्याची मुख्य कारणे तीन: मांडीच्या हाडाला नडगीच्या हाडाशी सांध्याच्या आतून बांधणारे पुढचे क्रुशिएट लिगामेंट तुटणे, ते लिगामेंट जेथे चिकटते तो नडगीच्या माथ्यावरचा हाडाचा उंचवटा उखडणे, किंवा गुडघ्याची वाटी क्षणभर निसटून आपोआप जागेवर बसणे. ‘मुलांची लिगामेंट लवचिक, ती तुटत नाहीत’ हा समज डॉक्टरांतही आढळतो आणि तो अर्धाच खरा आहे. लहान वयात लिगामेंटपेक्षा त्याखालचे अर्धवट पक्व हाड कच्चे असते, म्हणून दोर तुटण्याऐवजी खुंटी उपटली जाते. मायर्स व मॅकीव्हर यांनी 1959 मध्ये या उखडण्याचे प्रकार लावून दिले. तुकडा जागेवरच असेल तर पाय प्लॅस्टरमध्ये ठेवून भागते, पूर्ण उचलला गेला असेल तर दुर्बिणीतून तो पुन्हा बसवावा लागतो. हा तुकडा बाजूने काढलेल्या साध्या एक्स-रेत बहुधा दिसतो, आणि म्हणूनच एक्स-रे न काढल्याचा राग पत्रलेखकाला सर्वांत अधिक आहे.

गुडघ्याच्या आतल्या बाजूस बोट दाबताच मूल कळवळले, तर तेथेही घाईने लिगामेंटचे नाव घेऊ नये. हाडाच्या टोकाजवळ कूर्चेची एक पट्टी असते, तिच्यातून हाड लांबीने वाढते, आणि पायाच्या एकूण वाढीपैकी सुमारे दोन-तृतीयांश वाढ गुडघ्याच्या वरखालच्या अशा दोन पट्ट्यांतून होते. ज्या धक्क्याने मोठ्या माणसाचे आतल्या बाजूचे लिगामेंट फाटते, त्याच धक्क्याने मुलाची ही पट्टी भंगू शकते. आईवडिलांना हे याच साध्या शब्दांत सांगावे, म्हणजे ते ‘मालिश करून बघतो’ म्हणत हाडवैद्याकडे वळणार नाहीत.

तपासणी नेहमी धडधाकट पायापासून सुरू करावी. मुलांचे सांधे मुळातच सैल असल्यामुळे दुखऱ्या गुडघ्याचा सैलपणा दुसऱ्याशी ताडून पाहिल्याशिवाय त्याला अर्थ नसतो, शिवाय मुलाची भीतीही तेवढ्यात ओसरते. गुडघा वीस ते तीस अंशांत वाकवून, एका हाताने मांडी धरून दुसऱ्याने नडगी पुढे ओढून पाहण्याची लॅकमन चाचणी क्रुशिएटसाठी सर्वांत भरवशाची. तथापि सुजलेला गुडघा पहिल्या दिवशी ती करू देत नाही, तेव्हा पाय पट्टीत स्थिर ठेवून आठ-दहा दिवसांनी पुन्हा तपासावे व शंका राहिल्यास एमआरआय करावा. खुब्याच्या दुखण्याची कळही मुलांत गुडघ्यात उमटते, म्हणून खुबा फिरवून पाहणे चुकवू नये. पण हे सर्व नंतरचे. सूज त्याच संध्याकाळी आली होती का, हे त्या मुलीला आजच विचारले जावे.

पत्रलेखकाच्या उमेदीच्या काळात लिगामेंट तुटलेल्या मुलांना ‘वाढ पुरी होईपर्यंत थांबा’ असे सांगण्याची रीत होती, कारण शस्त्रक्रियेत वाढीची पट्टी दुखावली तर पाय वाकडा किंवा आखूड होण्याची धास्ती असे. ती धास्ती खोटी नव्हती. मात्र थांबलेली मुले थांबून राहत नव्हती. ती खेळत, गुडघा दगा देई, आणि दर वेळी सांध्यातली मेनिस्कस नावाची कूर्चेची गादी थोडी अधिक फाटे. कुसुमआत्या लग्नाच्या पंगतीत खुर्ची का मागते, हे घरात कोणी विचारत नाही. तिचा खो-खो, तिची ती सुजलेली संध्याकाळ आणि तिला मिळालेला ‘थांब’ हा सल्ला पत्रलेखकाला मात्र अजून आठवतो.

आता सांध्याच्या बाजूंच्या लिगामेंटना बहुधा पट्टा व व्यायाम पुरतात. क्रुशिएट तुटले तरी प्रत्येक मुलाला चाकू लावावा लागत नाही. गादी शाबूत असेल व गुडघा दगा देत नसेल, तर मांडीचे स्नायू बळकट करणारा दीर्घ व्यायाम आणि वळणा-झेपेच्या खेळांना विराम हा मार्ग मोकळा असतो. एरवी वाढीची पट्टी टाळून, किंवा तिच्यातून केवळ मऊ स्नायुरज्जू ओवून आणि स्क्रू तिच्यापासून दूर ठेवून, नवे लिगामेंट बसवता येते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने 2018 मध्ये प्रसिद्ध केलेल्या तज्ज्ञ-निवेदनात शस्त्रक्रियेनंतर मुलांना अशा खेळांपासून निदान 12 महिने दूर ठेवण्याचा सल्ला आहे. कबड्डी म्हणजे तर नुसती वळणे आणि झेपा! मग आठवड्याची मुभा कोणत्या पुस्तकातून आली?

शब्द तिखट झाले, हे लिहिणाऱ्याला कळते. संध्याकाळच्या गर्दीत समोर मुलीचे वडील, शेजारी जिल्हा निवडीची तारीख सांगणारे क्रीडाशिक्षक, आणि एक्स-रेसाठी वीस-पंचवीस किलोमीटरची एसटी, अशा वेळी ‘काही नाही, बरे होईल’ हे वाक्य किती सहज तोंडून जाते, हे नव्या डॉक्टरला ऐकवण्याची गरज नाही. मुलीला निरोप धाडून परत बोलवावे. घरचे रागावले तर रागावू द्यावे. एक्स-रेचे फोटो रात्री कितीही उशिरा पाठवले तरी पाहिले जातील, पुढची तपासणी पुण्यात लागल्यास मुलीची व तिच्या आईची उतरण्याची सोय घरीच होईल, आणि वडिलांना समजावण्याचे अवघड वाटत असेल तर फोन त्यांच्या हाती द्यावा, त्यांच्याशी बोलणे काकांकडे लागले. दुपारचे जेवण हल्ली चार वाजता होते असे वहिनी सांगतात. ते दोनच्या आत व्हावे. या महिन्यात एखादा रविवार मोकळा निघाल्यास येऊन जावे, काकूने आंब्याचे लोणचे काढून ठेवले आहे.

कळावे, अनेक आशीर्वाद.

काका