न मागितलेला विमा बिलात कसा आला?

प्रश्न : आईने मोबाइलवर मिक्सर पाहिला. तेव्हापासून जिथेतिथे मिक्सरच दिसतोय. ‘फक्त दोनच शिल्लक’ वाचून तिने घाईने घेतला. बिलात विमाही निघाला. हे चालतं का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : विमा आईंनी निवडलाच नसेल, तर मुळीच चालत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३मध्ये अशा १३ फसव्या क्लृप्त्यांना मनाई केली. न विचारता वस्तू बिलात घुसवणं आणि खोटी घाई लावणं, दोन्ही त्यात आहेत. माल खरंच संपत आला असेल, तर तसं सांगायला हरकत नाही. पण विम्याचे पैसे सोडू नका. बिलाचा स्क्रीनशॉट जोडून आधी कंपनीला लेखी कळवा. दाद मिळाली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.

पाठलाग करणाऱ्या जाहिरातींचं मूळ फोनमधल्या जाहिरात-ओळख क्रमांकात असू शकतं. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये ‘प्रायव्हसी’खाली ‘अ‍ॅड्स’मध्ये तो काढून टाकता येतो. जाहिराती थांबणार नाहीत, पण माग काढणं अवघड होईल. खरेदीच्या अ‍ॅपची नोटिफिकेशन्सही आजच बंद करून द्या. आणि आईंना बोल लावू नका. भल्याभल्यांना घाईत पाडण्यासाठीच खरेदीचं पान तसं रचलेलं असतं.