गेलेल्या आट्यांविषयी

पुणे

चि. बाळ यास,

तुझ्या मोटारसायकलीच्या क्लचकव्हराचा बोल्ट आवळता आवळता एकाएकी सैल फिरू लागला आणि काढून पाहता त्याच्या आट्यांत अ‍ॅल्युमिनियमची तार गुंडाळून आली, हे वर्तमान वाचून मला नवल वाटले नाही. कारण 6 मिलिमीटरचा पोलादी बोल्ट अ‍ॅल्युमिनियमच्या केसिंगात बसत असता सुमारे 10 न्यूटन-मीटर, म्हणजे जुन्या मापाने साधारण एक किलोग्रॅम-मीटर, एवढा जोर पुरतो, आणि तू तर लांब दांडीचा पाना घेऊन त्याच्यावर भार टाकलास.

मिस्त्रीने आठचा टॅप मारण्याची जी सूचना केली ती सर्वस्वी त्याज्य नाही. परंतु तेथील भिंत आधीच अरुंद, कव्हराचे छिद्रही वाढवावे लागणार, आणि तेही आटे गेले तर पुढे वाढवण्यास जागा उरणार नाही. टेफ्लॉनची पट्टी गुंडाळण्याचा सल्ला मी विचारार्हही मानीत नाही.

मला रास्त वाटतो तो हेलिकॉइलचा उपाय. नाना पेठेतील सुट्या भागांच्या बाजारात त्याच्या संचाची चौकशी कर. 6.3 मिलिमीटरच्या ड्रिलने जुने आटे काढून टाकावयाचे, संचातील खास टॅपाने नवे पाडावयाचे, आणि त्यांत स्टेनलेस पोलादाच्या तारेचे वेटोळे फिरवून बसवावयाचे, की आत पूर्वीचाच सहाचा बोल्ट बसतो आणि नवे आटे मूळच्या अ‍ॅल्युमिनियमहून टिकाऊ ठरतात. ड्रिल तिरके जाऊ देऊ नकोस. टॅपास ग्रीस लाव, म्हणजे कीस त्याला चिकटून बाहेर येईल. वेटोळे पृष्ठभागाच्या सुमारे अर्धा आटा खाली ठेव. आणि त्याच्या तळाशी असलेली जीभ मोडून चिमट्याने अवश्य काढ, ती इंजिनात गेली तर एका बोल्टाच्या दुरुस्तीचे प्रकरण इंजिन उघडण्यापर्यंत जाईल. छिद्र आरपार नसेल तर त्यात तेल साठू देऊ नये. बोल्ट आवळताना कोंडलेले तेल केसिंग फोडू शकते.

हाच संच घेऊन आप्पांच्या जुन्या बुलेटकडे मात्र वळू नकोस. 1841 साली व्हिटवर्थने आट्यांना प्रमाण घालून दिल्यापासून जुन्या इंग्रजी यंत्रांचे मापच निराळे, आणि त्या बुलेटवर पाव इंची, इंचास 26 आट्यांचे बोल्ट आहेत; आपला सहाचा बोल्ट तेथे सहज शिरतो, परंतु आटे पुरते धरीत नाही, आणि जोर देताच त्यांची खराबी करतो.

कव्हर बसवताना प्रत्येक बोल्ट आधी बोटांनी फिरव आणि तो विनासायास आत जात नसेल तर थांब. शेवटचा जोर टॉर्क पान्याने, समोरासमोरचे बोल्ट घेऊन, टप्प्याटप्प्याने दे. पाना विकत घेण्याची ऐपत तूर्त नसल्यास माझा घेऊन जा; मात्र तो परत येईल अशी तजवीज ठेव.

तुझा,
काका