परसदारी मोठं बुद्धिबळ मांडताना

काशीदसारख्या गावात परसात मोठं बुद्धिबळ करायचं मनात असेल, तर राजा किती उंच हवा ते मागाहून बघा. बत्तीस मोहरी पावसाळ्यात कुठे ठेवणार, ते आधी ठरवा. पुढे समुद्र, मागे फणसाडचं जंगल, वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि बारमाही खारं वारं. पडवीत जागा नसेल तर या कामात पडूच नका.

आमचा पहिला संच सुरूच्या लाकडाचा. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला धडकलं आणि सुरू, नारळ, पोफळी आडव्या झाल्या. पडलेली झाडं चुलीत जाण्यापेक्षा त्यांचं काही व्हावं, म्हणून ओंडक्यांतून मोहरी केली. सुरूचं लाकूड टणक असतं, पण वाळताना तडकतं. वजिराला माथ्यापासून तळापर्यंत चीर गेली, तीत बोट शिरायचं. लोखंडी स्क्रू पहिल्याच पावसात फुगले, पांढऱ्या मोहऱ्यांवर गंजाचे ओघळ उतरले. हत्तींना तळातून वाळवी लागली. या सगळ्यापेक्षा मला लागलं ते वेगळंच. मोहरी इतकी जड झाली होती, की ज्या मुलांसाठी मांडली ती नुसती बाजूला उभी राहून मोठ्यांना चाली सांगायची.

म्हणून नवा संच करताना वजनापासून सुरुवात केली. आठ वर्षांच्या मुलीला दोन हातांनी उचलता येईल, तेवढाच राजा. फिडे या आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ संघटनेच्या जुन्या मापांत राजा साडेनऊ सेंटीमीटर, प्यादं पाच आणि घर पाच ते सहा सेंटीमीटरचं असतं. हेच प्रमाण वाढवत न्या: राजा ६० सेंटीमीटर, तर प्यादं ३२ आणि घर ३५. पट २ मीटर ८० सेंटीमीटर चौरस होतो, पण भोवती मीटरभर मोकळी जागा सोडा, मारलेली मोहरी तिथेच उभी राहतात.

लाकूड शिवणीचं घ्या. ते हलकं असतं, कमी तडकतं आणि कातायला सोपं जातं. कातारी मिळाला तर काम सुबक होतं. स्क्रू पितळी वापरा. तळाच्या उघड्या रेषांमधून लाकूड सर्वांत जास्त पाणी पितं, म्हणून तिथे तेलाचे हात भरपूर द्या आणि रबराची तीन बुटं ठोका. बूड रुंद ठेवा, नाहीतर दुपारचं वारं सुटलं की उंट आडवे होतात.

पट नारळाखाली नको. वरून पडणाऱ्या नारळाने मोहरी फुटतात आणि मुलांचं डोकंही वाचायचं नाही. खेळणारे उत्तर-दक्षिण बसतील असा पट आखा, म्हणजे संध्याकाळी समुद्रावरचा सूर्य कुणाच्याच डोळ्यांत येत नाही. प्रत्येक खेळाडूच्या उजव्या हाताचं कोपऱ्यातलं घर पांढरं हवं. हे गवंड्याला तोंडी सांगू नका, जमिनीवर खडूने काढून दाखवा. फरशा ओतायला पुळणीवरची वाळू कदापि घेऊ नका. खारामुळे वर पांढरी बुरशी आल्यासारखे डाग उठतात, आत सळई असेल तर ती गंजून फरशी फोडते. शिवाय किनाऱ्याची वाळू उचलणं कायद्यानेही चालत नाही. पाणी वाहून जाईल इतका उतार द्या, मीटरला एक सेंटीमीटर पुरतो. तरी श्रावणात शेवाळ धरतंच. ब्लीचिंग पावडरने घासल्याशिवाय मुलांना पटावर सोडू नका. आणि एप्रिलच्या दुपारी काळी घरं अनवाणी पायांना चटके देतात, तेव्हा खेळ ऊन उतरल्यावरच.

जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने बाटुमीला महिला विश्वचषक जिंकला. तेव्हापासून आमच्याकडे मुली जास्त येतात, आणि प्यादं शेवटच्या घरात नेल्यावर त्यांना दुसरा वजीर लगेच हवा असतो. दोन्ही रंगांचा एकेक जादा वजीर आणि दोन-दोन जादा प्यादी त्याच लाकडातून कातून घ्या. नंतर केलेल्या मोहऱ्याचा रंग आणि वजन जुन्याशी जुळत नाही.