एसी घ्या, पण पाणी काढणारा

मुंबईपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या किनाऱ्यावर मे महिन्यातही पारा बहुतेक दिवस तेहतीस-चौतिसाच्या आसपास असतो. नागपूरच्या पंचेचाळिसापुढे हे काहीच नाही. पण नागपूरला वाळ्याचा कूलर खोली सुसह्य करतो. तोच कूलर वसईत लावला तर खोलीत आणखी वाफ कोंडते. आपल्याकडे हवेतच इतकं पाणी असतं की अंगावरचा घाम सुकत नाही, आणि घाम सुकला नाही की चौतीस अंशही जीव नकोसा करतात. त्यामुळे किनाऱ्यावर राहणाऱ्याने एसी निवडताना तो खोलीतलं पाणी किती काढेल हे आधी पाहावं. गारव्याचं नंतर.

खरं तर हे यंत्र जन्मालाच त्यासाठी आलं. विलिस कॅरियर या अभियंत्याने १९०२ साली न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी ते आखलं. तिथे दमट हवेने कागद फुगे आणि रंगीत छपाईतले रंग जागच्या जागी बसत नसत. माणसांच्या सुखाचा विचार नंतर आला.

वसईत आम्ही जुना फ्लॅट घेतला तेव्हा आधीच्या मालकांनी लहान बेडरूममधला एसी तसाच ठेवला होता. दोन टनाचा, इन्व्हर्टर, पाच स्टार. खोली जेमतेम एकशे दहा चौरस फुटांची. खोली बघता बघता गारठायची, पण चादर ओलसर लागायची, उशीला कुबट वास यायचा, आणि पावसाळा संपेपर्यंत कपाटामागच्या भिंतीवर काळी बुरशी चढली. चिकचिक जाईना म्हणून घरातलं कुणीतरी रिमोटवर आणखी खाली जायचं. बावीस, वीस, अठरा. अंगाला हुडहुडी आणि तरी घुसमट. सासूबाईंचा दमा त्या खोलीत उसळायचा. सर्व्हिसला आलेल्या मुलाने ‘गॅस कमी झालाय’ म्हणून गॅस भरला, पैसे घेतले, फरक शून्य. शेवटी गल्लीतले एक जुने मेकॅनिक येऊन बसले, थोडा वेळ नुसतं ऐकत राहिले आणि म्हणाले, “ताई, मशीनला काही झालेलं नाही. ते खोलीला मोठं पडतंय. चालतंय कुठे? नुसती उघडझाप करतंय.”

त्यांचं म्हणणं समजून घेण्यासारखं आहे. इनडोअर युनिटमधली कॉइल गार झाली की तिच्यावर हवेतलं पाणी सुटतं, थेंब होऊन ड्रेन पाइपने बाहेर जातं. याला वेळ लागतो. यंत्र गरजेपेक्षा मोठं असेल तर खोलीचं तापमान झटकन खाली येतं आणि पाणी पुरतं निघण्याआधीच कॉम्प्रेसर थांबतो. इन्व्हर्टर आपला वेग कमी करतो हे खरं, पण त्यालाही किमान मर्यादा असते. रात्री लहान खोलीची गरज त्याहून खाली गेली की तोही बंद-चालू होऊ लागतो. कॉम्प्रेसर बंद, पंखा मात्र सुरू. मग कॉइलवर राहिलेलं पाणी तोच पंखा पुन्हा खोलीत उडवतो.

पाणी काढायला ऊर्जाही चांगलीच लागते. हवेतल्या वाफेतून एक लिटर पाणी काढण्यासाठी साधारण ६८० वॅट-तासांइतकं कूलिंग खर्ची पडतं. एक टनाचं यंत्र तासाला सुमारे ३५०० वॅट-तास कूलिंग देतं. म्हणजे तासाला लिटरभर पाणी निघत असेल, तर यंत्राची पाचवा हिस्सा ताकद फक्त पाण्यावर जाते. म्हणूनच पाणी घरात येऊ न देणं ही सगळ्यात स्वस्त बचत. सरकत्या खिडक्यांच्या फटींना रबर किंवा ब्रश-पट्टी लावा, बाथरूमचं दार लावून घ्या, आणि पावसाळ्यात ओले कपडे एसीच्या खोलीत वाळत घालू नका. हे शेवटचं अनेक घरांत सर्रास चालतं. कपडे वाळतात, पण त्यांतलं सगळं पाणी एसीला काढावं लागतं आणि ते बिलात येतं.

आता स्टारबद्दल. लेबलवर आयसीर हा आकडा असतो: वर्षभरात मिळालेलं कूलिंग भागिले खाल्लेली वीज. जितका मोठा तितका चांगला. जुलै २०२२पासून लागू झालेल्या तक्त्यात स्प्लिट एसीला पाच स्टारसाठी तो किमान ५ लागायचा, तीन स्टारला ३.८ पुरत होता. त्याआधी, २०१८च्या तक्त्यात, पाच स्टार ४.५वरच मिळत होते. तक्ते असे अधूनमधून कडक होतात, त्यामुळे दुकानात पडून राहिलेल्या जुन्या लेबलच्या पाच स्टारला भुलू नका. लेबलवरची मुदत वाचा आणि स्टारपेक्षा आयसीरचा आकडा ताडून पाहा. टन हा शब्दही सैल वापरला जातो. दीड टन म्हणून विकलेल्या दोन यंत्रांची खरी क्षमता वेगळी असू शकते, ती लेबलवर वॅटमध्ये छापलेली असते.

मात्र हे लेबल किनाऱ्याचा विचार करून बनलेलं नाही. यंत्राची क्षमता मोजताना घरातली हवा २७ अंशांची आणि आर्द्रता पन्नास टक्क्यांच्याही किंचित खाली धरलेली असते. वर्षाचा हिशोब २४ ते ४३ अंश या बाहेरच्या तापमानांवर आणि १६०० तासांवर होतो. हवेतल्या दमटपणाचा त्यात वेगळा हिशोब नाही. शिवाय मोठा आयसीर मिळवण्याचा एक मार्ग म्हणजे कॉइल मोठी करून ती कमी गार ठेवणं. विजेसाठी उत्तम, पण कमी गार कॉइलवर पाणीही कमी सुटतं. यावरून कमी स्टारचं घ्या असा अर्थ मुळीच काढू नका. पाच स्टारच घ्या, पण खोलीच्या मापाचं घ्या, आणि ड्राय मोड कसा चालतो, पंख्याचा वेग खरोखर किती खाली येतो हे दुकानात विचारा. मधल्या मजल्यावरच्या शंभर-सव्वाशे चौरस फुटांच्या बेडरूमला एक टन पुरतो. वर तापणारी गच्ची किंवा पश्चिमेची उघडी भिंत असेल तरच पुढचं माप. ‘मोठं घ्या, कूलिंग फास्ट होईल’ हा सल्ला किनाऱ्यावर घातक आहे.

आम्ही ते दोन टनाचं यंत्र हॉलमध्ये हलवलं आणि बेडरूमला एक टन बसवला. तो २६ अंशांवर, कमी वेगाच्या छताच्या पंख्यासोबत चालतो. भिंतीवर छोटा आर्द्रतामापक टांगलाय. काटा पन्नास ते साठच्या मध्ये राहतो. कंपन्यांना २०२०पासून एसी २४ अंशांवर लावूनच विकावा लागतो, आणि ऊर्जा दक्षता ब्युरोच्या मते प्रत्येक अंश वर गेल्यावर सुमारे सहा टक्के वीज वाचते. पण खोली कोरडी असेल तरच माणूस अंश वर नेतो.

पाच स्टारचे जादा पैसे सुटतील का, हे बिलावरून काढता येतं. समजा दोन यंत्रांच्या लेबलवर वर्षाची युनिटं ९५० आणि ७५० आहेत. तुम्ही वर्षातून १२०० तास एसी लावत असाल तर २०० ऐवजी १५० युनिटं वाचतील. त्याला सरासरी दर लावू नका. महावितरणचे टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटांना बदलतात, आणि एसीची युनिटं घरच्या नेहमीच्या वापरावर चढतात. तुमच्या बिलातल्या वरच्या टप्प्याचा दर लावा. किनाऱ्यावर एसी ऑक्टोबरातही लागतो, त्यामुळे इथे पाच स्टारचं गणित लवकर जुळतं.

खारी हवा हा वेगळाच शत्रू. आउटडोअर युनिटची कॉइल तांब्याची आणि पत्र्यांवर गंजरोधक लेप असलेली घ्या, कंडेन्सरची हमी लेखी घ्या, आणि ती कॉइल अधूनमधून साध्या पाण्याने धुऊन घ्या. डक्टमध्ये एकावर एक टांगलेल्या युनिटांत वरच्याला खालच्याची गरम हवा मिळते, मग स्टार कितीही असोत. युनिट अशा ठिकाणी लावा की मेकॅनिकला खिडकीबाहेर लोंबकळावं लागणार नाही. त्याच्या जिवापेक्षा आपली गॅलरी मोकळी दिसणं महत्त्वाचं नाही.

बसवताना समोर उभे राहा. पाइप जोडल्यावर व्हॅक्यूम पंप लावून आतली हवा आणि ओलावा काढायचा असतो. घाईत मेकॅनिक थोडा गॅस सोडून हवा ढकलतात आणि निघतात. ड्रेनला उतार आहे का, तेही तांब्याभर पाणी ओतून पाहा. एप्रिल-मे महिन्यांत त्यांच्या मागे पुढच्या घराचे फोन चालू असतात. म्हणून खरेदी फेब्रुवारीत करा. तेव्हा त्यांच्याकडे पंप लावायला वेळ असतो, आणि तुमच्याकडे लेबल वाचायला.