मोटारीच्या चाकांचे रंगकाम

दसऱ्याच्या दिवशी आपण घरच्या वाहनांची पूजा करतो. सायकल असो, स्कूटर असो वा मोटार असो, तिला धुऊनपुसून झेंडूची माळ घालतो, चाकापुढे नारळ वाढवतो. परंतु ज्या चाकांच्या आधारावर ते वाहन वर्षभर धावते, त्या चाकांकडे त्या दिवशी तरी किती जणांचे लक्ष जाते? आमचेही जात नव्हते. आमच्या घरच्या जुन्या मोटारीची चाके आम्ही आजवर दोनदा रंगविली. पहिल्या वेळी फसलो, दुसऱ्या वेळी शिकलो. त्या शिकण्यात रसायनशास्त्र होते, पदार्थविज्ञान होते, थोडे गणितही होते. आणि सर्वांत शेवटी एक असा धडा होता की, जो चुकता तर कदाचित जिवावर बेतले असते. तो विद्यार्थी मित्रांपुढे व त्यांच्या पालकांपुढे मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

इंदूरकरांना मोटारींच्या रंगाचे कौतुक नवे नाही. महाराज यशवंतराव होळकर (द्वितीय) यांनी १९३०-४० च्या दशकात ड्यूसेनबर्ग नावाची जी अमेरिकन मोटार घेतली, तिची काया लंडनच्या गर्नी नटिंग या कारागिरांनी बांधली होती आणि तिचा नारिंगी व काळा रंग आजही जगभरच्या मोटारशौकिनांच्या स्मरणात आहे. आपल्या साध्या मोटारीस तो थाट कोठून येणार! पण लोखंडाचा शत्रू राजाच्या दारी आणि रयतेच्या दारी एकच असतो. त्या शत्रूचे नाव गंज.

गंज का चढतो?

लोखंड, प्राणवायू आणि पाणी ही तिन्ही एकत्र आली की गंज तयार होतो. रसायनशास्त्राच्या भाषेत तो लोहाचा सजल ऑक्साइड होय. तिघांपैकी एकाला जरी दूर ठेवले तरी गंजाची क्रिया थांबते. लोखंड तर दूर ठेवता येत नाही. म्हणून रंगाची भिंत उभी करून पाणी व हवा यांना बाहेर ठेवावयाचे, हेच रंगकामाचे खरे प्रयोजन. शोभा हा त्याचा दुसरा लाभ.

गंजाचा एक दुर्गुण ध्यानात ठेवण्याजोगा आहे. ज्या लोखंडापासून तो बनतो त्याहून तो कितीतरी अधिक जागा व्यापतो, शिवाय तो सच्छिद्र व ठिसूळ असतो. त्यामुळे रंगाखाली गंजाचा एखादा ठिपका जरी राहिला, तरी तो फुगतो, वरचा रंग उचलतो, आणि त्या फटीतून आणखी पाणी आत शिरते. ॲल्युमिनियमची गोष्ट वेगळी. त्याचा ऑक्साइड पातळ, घट्ट व चिवट असतो आणि आतल्या धातूचे तोच रक्षण करतो. म्हणून मिश्रधातूची चाके लोखंडी चाकांप्रमाणे तांबडी पडत नाहीत.

पुढची चाके मागच्यांपेक्षा लवकर काळवंडतात, हे पुष्कळांनी पाहिले असेल. मोटार थांबविताना तिचा भार पुढे झुकतो व थांबविण्याचे अधिक काम पुढचे ब्रेक करतात. घर्षणाने झिजलेल्या लोखंडाचे तापलेले कण चाकावर उडून चिकटतात. त्यावर माळव्यातली काळी चिकण माती बसली की ती ओलावा धरून ठेवते. गंजाला याहून अधिक काय हवे?

पहिला प्रयत्न

आमचा पहिला प्रयत्न श्रावणातला. दोन सरींच्या मध्ये उघडीप पडलेली पाहून आम्ही ब्रश घेतला, वरवर फडके मारले आणि जुन्या गंजावरच रुपेरी रंग फासला. एका रविवारी चारही चाके झाली. संध्याकाळी ती अशी चमकली की शेजारीपाजारी विचारपूस करू लागले. पण दुसऱ्या दिवशीच रंगावर पांढुरकी साय आल्यासारखी दिसली, आणि दिवाळीच्या आत जागोजाग फोड आले.

फोड का आले ते वर सांगितलेच आहे. साय का आली, याचे उत्तर घरातल्या माठात सापडते. माठाच्या छिद्रांतून झिरपलेले पाणी बाष्प होऊन उडून जाते व जाताना उष्णता घेऊन जाते. म्हणून आतले पाणी गार होते. रंगातला थिनर पाण्याहूनही झपाट्याने उडतो व पृष्ठभाग तितकाच झपाट्याने गार करतो. हवा दमट असेल तर त्या गार पृष्ठभागावर दवबिंदू जमतात आणि ओल्या रंगात अडकून बसतात. तीच ती साय. म्हणून इंदुरात या कामाला पावसाळा वर्ज्य. दिवाळीनंतरचे कोरडे दिवस उत्तम. त्यांतही पहाटेचे दव सुकल्यावर, साधारण अकरा ते तीन ही वेळ, आणि जागा मात्र सावलीची.

पूर्वतयारी

दुसऱ्या वेळी आम्ही मार्गशीर्षाची वाट पाहिली. घाईला रजा दिली आणि रोज एक चाक असा नेम केला.

चाक काढताना मोटार सपाट व कठीण जमिनीवर असावी, हातब्रेक लावलेला असावा आणि समोरच्या कोपऱ्यातील चाकाला दोन्ही बाजूंनी दगड वा लाकडी ठोकळे लावावेत. नट प्रथम चाक जमिनीवर असतानाच थोडे सैल करावेत, मग जॅक लावावा. केवळ जॅकच्या भरवशावर मोटारीखाली हात वा डोके कदापि घालू नये. खाली भक्कम आधार द्यावा. हे काम विद्यार्थ्यांनी वडीलधाऱ्या माणसाच्या देखरेखीखालीच करावे.

चाक निघाल्यावर ते साबणाच्या पाण्याने धुवावे, तेलकटपणा रॉकेलच्या फडक्याने काढावा आणि पुन्हा साबणाने धुऊन पूर्ण वाळू द्यावे. तेलाच्या पुसट थरावरही रंग धरत नाही. मग काचकागद हाती घ्यावा. दुकानदार त्याला पॉलिश पेपर म्हणतात व त्याच्या पाठीवर आकडा छापलेला असतो. आकडा जितका मोठा, तितका कागद मऊ. गंज काढण्यास ८० वा १२० चा, ओरखडे सपाट करण्यास २२० चा आणि शेवटचा हात मारण्यास ४०० चा, असा क्रम ठेवावा. लोखंड करडे व स्वच्छ दिसेपर्यंत घासावे. आमचा निम्म्याहून अधिक वेळ येथेच गेला, आणि तो सत्कारणी लागला.

येथे एक इशारा. जुन्या काळी लोखंडावर शेंदराचे अस्तर देत असत. शेंदूर म्हणजे शिशाचा ऑक्साइड. शिसे हे विष आहे आणि ते मुलांच्या मेंदूला विशेष घातक ठरते. भारतात घरगुती व शोभेच्या रंगांत शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांहून अधिक असू नये, असा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून अमलात आला; परंतु तो मोटारीच्या जुन्या रंगाला कसा लागू व्हावा? म्हणून जुना रंग कोरडा न घासता पाणी लावून घासावा, तोंडावर धुळीचा मास्क लावावा, लहान मुलांना दूर ठेवावे आणि जेवणापूर्वी हात साबणाने धुवावेत.

रंगाखाली दडलेली भेग

तिसऱ्या दिवशी, मागच्या डाव्या चाकाचा जुना रंग निघाल्यावर, नटांच्या दोन छिद्रांमध्ये केसाएवढी एक रेघ दिसली. ओरखडा असेल म्हणून आम्ही ती पुसली, घासली, ती जाईना. तेव्हा रेल्वेच्या कारखान्यांत पूर्वी वापरीत असलेली एक युक्ती आम्हांस आठवली. त्या जागी रॉकेल चोळून काही वेळ मुरू दिले, मग कोरड्या फडक्याने पूर्ण पुसले आणि वर शाळेतल्या पांढऱ्या खडूची पूड भुरभुरली. थोड्याच वेळात पांढऱ्या पुडीवर एक ओली, काळसर रेघ उमटली. ओरखड्यात रॉकेल राहत नाही. भेगेत ते शिरते आणि केशाकर्षणाने खडूच्या पुडीत पुन्हा वर येते. चाकाला भेग गेली होती.

वारंवार कमी-अधिक ताण पडून धातू थकतो व कालांतराने असा तडकतो. जाणत्या मिस्त्रीने चाक पाहताच सांगितले, "हे पुन्हा लावू नका, डाग देऊनही नाही." आम्ही नवे चाक घेतले आणि जुने भंगारात देण्यापूर्वी कोणी परत वापरू नये म्हणून ते करवतीने कापविले.

त्या रात्री आम्हांस एकच विचार छळत होता. श्रावणात ही भेग तेथे असेलच, तर आम्हीच ती आमच्या हाताने रुपेरी रंगाने झाकली होती. आणि त्याच चाकावर घरची मुलेबाळे घेऊन उज्जैनला जाऊन आलो होतो.

अस्तर आणि रंग

कोणत्याही रंगात मुख्यतः तीन घटक असतात: रंगद्रव्य, त्याला धरून ठेवणारे बंधक व दोहोंना पातळ करणारे द्रावक. द्रावक उडून जाते, उरलेली दोन पृष्ठभागावर राहतात. अस्तराचे काम धातूला घट्ट धरणे, रंगाचे काम ऊनपाऊस सोसणे. लोखंडी चाकास झिंक फॉस्फेटचे वा रेड ऑक्साइडचे अस्तर चालते. ॲल्युमिनियमला त्याच्यासाठी बनविलेले वेगळे अस्तर लागते. खड्ड्यांत लांबी भरावी, पण अगदी थोडी.

टायर न काढता रंग द्यावयाचा असेल तर त्यातली थोडी हवा सोडावी आणि टायर व चाकाची कड यांच्या फटीत पत्त्यांच्या जुन्या कॅटातील पाने ओळीने खोचावीत. टायरवर रंगाचा थेंब पडत नाही. व्हॉल्व्हला चिकटपट्टी लावावी. समतोलासाठी लावलेली लहान वजने काढू नयेत.

फवाऱ्याचा डबा चाकापासून वीतभर दूर धरून हात सतत फिरता ठेवावा. एकच जाड थर देण्याचा मोह टाळावा. जाड थराची वरची साल आधी वाळते, आत द्रावक कोंडून राहते, आणि मग ओघळ व सुरकुत्या येतात. अस्तराचे दोन व रंगाचे तीन पातळ थर, प्रत्येकामध्ये डब्यावर लिहिलेला अवकाश, हे प्रमाण आम्हांस मानवले. हे काम उघड्यावर करावे. थिनरची वाफ डोके भणाणून टाकते आणि ती पेटही घेते, म्हणून जवळपास चूल, दिवा वा विडी असू नये.

उरलेला थिनर मोरीत ओतू नये. नाल्यातले पाणी शेवटी कान्ह नदीला जाते आणि कान्ह क्षिप्रेला मिळते. २०१७ साली स्वच्छ सर्वेक्षणात देशात पहिल्या आलेल्या या नगरीच्या नागरिकांना याहून अधिक सांगणे नको. रिकामे डबे व चिंध्या घातक कचऱ्यात वेगळ्या द्याव्यात.

जेथे रंग नको

चाक जेथे हबवर टेकते ती मागची सपाट बाजू आणि नट जेथे बसतात त्या खाचा येथे रंग बिलकूल लावू नये. नटांची पकड धातूवर धातू दाबून निर्माण होते. मध्ये रंगाचा जाड थर आला तर तो दाबाने व उष्णतेने हळूहळू चेपतो, पकड ढिली पडते आणि नट सैल होतात.

नट समोरासमोरच्या जोडीने, एकाआड एक आवळावेत. किती आवळावेत हे मोटारीच्या पुस्तिकेत दिलेले असते. समजा, ते माप १०० न्यूटन-मीटर आहे. पान्याची लांबी २५ सेंटिमीटर असेल, तर १०० भागिले ०.२५ म्हणजे ४०० न्यूटन, अर्थात सुमारे ४१ किलोग्रॅम भाराएवढा जोर टोकाशी लावावा लागेल. पाना दुप्पट लांब घेतला की जोर निम्मा पुरतो. वर्गात शिकलेला तरफेचा नियम तो हाच! पहिल्या शंभर किलोमीटरच्या आत नट पुन्हा एकदा तपासावेत, आणि टायरमधली हवा भरून घेण्यास विसरू नये.

ही चाके रंगवून आता दोन पावसाळे लोटले. कोठे फोड नाही, कोठे साय नाही. तथापि त्यांच्याकडे पाहताना आम्हांस त्यांच्या चकाकीपेक्षा खडूच्या पुडीवर उमटलेली ती काळी रेघच अधिक आठवते. "हात फिरे तेथे लक्ष्मी वसे" असे आपल्याकडे म्हणतात. पण हात फिरण्यापूर्वी दृष्टी फिरावयास हवी. रंग हा स्वच्छ केलेल्या वस्तूचे रक्षण करण्यासाठी आहे, दोष झाकण्यासाठी नव्हे. येत्या दसऱ्याला चाकाला हार घालण्यापूर्वी एखाद्या विद्यार्थ्याने वाकून, फडक्याने पुसून ते चाक नीट निरखून पाहिले, तरी हा लेख लिहिल्याचे सार्थक झाले असे आम्ही समजू.