धान्याचा श्वासोच्छ्वास

चूल पेटण्यास लांकूड लागतें, दिवा जळण्यास तेल लागतें. त्याचप्रमाणें आपणांस चालण्यास, बोलण्यास, किंबहुना स्वस्थ निजून राहण्यासही अन्न लागतें. परंतु अन्नांत ही शक्ति येते कोठून व शरीरांत ती मोकळी होते कशी, असें विचारिलें असतां पुष्कळ विद्यार्थी ‘झाडें प्रकाशसंश्लेषण करितात व प्राणी श्वसन करितात’ असें पाठ म्हणून दाखवितात. हें उत्तर अपुरें आहे. झाडेंही श्वसन करितात. इतकेंच नव्हे, तर कोठारांत पडलेला ज्वारीचा दाणाही श्वसन करितो. ही गोष्ट ध्यानांत न आल्यामुळें धान्याच्या पेवांत उतरलेलीं माणसें प्राणांस मुकलीं आहेत. म्हणून ज्वारीच्या एका दाण्याच्या आधारें आपण हा विषय समजून घेऊं.

झाड आपलें सर्व अन्न मातींतून घेतें, अशी पूर्वीं समजूत होती. ब्रुसेल्सचे विद्वान व्हान हेल्माँट यांनीं २०० पौंड कोरड्या मातींत ५ पौंड वजनाचें वाळुंजाचें रोप लाविलें व त्यास पांच वर्षें केवळ पाणी घातलें. झाड १६९ पौंडांवर गेलें. माती मात्र सुमारें दोन औंसच घटली. हा वृत्तांत १६४८ सालीं, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाला. झाडाची सर्व वाढ पाण्यापासून झाली, असें त्यांनीं अनुमान काढिलें. हवेचा वांटा त्यांच्या लक्षांत आला नाहीं. पुढें १७७१ सालीं इंग्लंडांत जोसेफ प्रीस्टली यांनीं, जींत मेणबत्ती विझली होती अशा कोंडलेल्या हवेंत पुदिन्याची डाहळी ठेविली. कांहीं दिवसांनीं त्याच हवेंत मेणबत्ती पुन्हां जळूं शकली. हवा शुद्ध करण्याचें हें काम झाडाचे हिरवे भागच करितात व तेंही उजेडांतच, असें यान इंगेनहाउस यांनीं १७७९ सालीं दाखविलें. अंधारांत तींच पानें हवा दूषित करितात, हेंही त्यांनींच पाहिलें.

ज्वारीचें पान सूक्ष्म छिद्रांतून कार्बन डायऑक्साइड वायु आंत घेतें, मुळें पाणी पुरवितात आणि पानांतील हरितद्रव्य सूर्यप्रकाश शोषून घेतें. त्या प्रकाशाच्या बळावर पाण्याचे घटक वेगळे होतात. प्राणवायु बाहेर पडतो व हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड यांपासून साखर तयार होते. कार्बन डायऑक्साइडचे ६ रेणू व पाण्याचे ६ रेणू खर्चीं पडले, कीं ग्लुकोज साखरेचा १ रेणू व प्राणवायूचे ६ रेणू मिळतात, असा हा ढोबळ हिशेब आहे. कणीस भरूं लागलें म्हणजे साखर दाण्यांत जाते व पिष्टाच्या रूपानें तेथें सांठते. खत व मातींतील क्षार पिकास अवश्य आहेत. परंतु दाण्यांतील शक्ति खताची नव्हे, ती उन्हाची आहे.

आतां उलट व्यापार पाहूं. भाकरी पचतांना पिष्टाची पुन्हां साखर होते व रक्तावाटे ती पेशींत पोहोंचते. श्वासावाटे घेतलेला प्राणवायुही तेथेंच जातो. पेशींत साखरेचें टप्प्याटप्प्यानें विघटन होतें. शेवटीं कार्बन डायऑक्साइड व पाणी उरतें आणि शक्ति मोकळी होते. श्वसन हें एक प्रकारचें मंद ज्वलन आहे, असें फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए यांनीं अठराव्या शतकांतच ओळखिलें होतें. मात्र चुलींत सर्व शक्ति उष्णता व उजेड होऊन निघून जाते, तर पेशींत तिचा कांहीं भाग एटीपी नांवाच्या द्रव्यांत राखला जातो व तोच आपल्या कामीं येतो. बाकीच्या भागाची उष्णता होते. आपण आंत घेतों त्या हवेंत प्राणवायु शेंकडा २१ असतो. उच्छ्वासांत तो सुमारें १६ उरतो आणि कार्बन डायऑक्साइड सुमारें ४ भरतो.

दाण्यास हिरवें पान नाहीं, त्यामुळें त्यास नवें अन्न करितां येत नाहीं. पण त्यांतील अंकुर जिवंत असतो. तो सांठ्यांतील अन्न थोडें थोडें खर्चून श्वसन करितो. कोरड्या दाण्यांत हा व्यापार अगदीं मंद चालतो. ओल लागली कीं तो वाढतो. याची प्रचीति घरींच घेतां येईल. मोड आलेली मटकी कांचेच्या बरणींत रात्रभर घट्ट झांकून ठेवावी व सकाळीं, वडील माणसांच्या देखत, जळती काडी आंत धरावी. काडी तत्काळ विझते.

जें बरणींत घडतें तेंच पेवांत मोठ्या प्रमाणावर घडतें. तोंड बंद केलेल्या पेवांत धान्य, कीड व बुरशी हीं सर्व प्राणवायु खर्च करितात. तो सरत आला म्हणजे कीड मरते व धान्य टिकतें. आपल्या पूर्वजांच्या या युक्तीचें मर्म हेंच. परंतु जी हवा किडीस मारते ती माणसासही मारते. कार्बन डायऑक्साइड हवेच्या सुमारें दीडपट जड असल्यामुळें तोंड उघडलें तरी तो खालीं दबून राहतो. उतरणारा मनुष्य क्षणांत बेशुद्ध पडतो आणि त्यास काढण्यास धांवलेला दुसराही तेथेंच पडतो. म्हणून पेव उघडून त्यांत पुष्कळ वेळ हवा खेळूं द्यावी, एकट्यानें कदापि उतरूं नये व कोणी आंत पडल्यास कमरेस दोर न बांधतां त्याच्यामागें उडी घालूं नये. आंत सोडलेला दिवा विझला, तर उतरणें म्हणजे मृत्यूस बोलावणें होय. दिवा जळत राहिला, तरी तेवढ्यावर विसंबूं नये.

पान दिवसा सूर्याची शक्ति सांठवितें आणि प्रत्येक जीव, मग तो मनुष्य असो, कीटक असो वा दाण्यांतील अंकुर असो, ती रात्रंदिवस श्वासागणिक खर्च करितो. विद्यार्थी मित्रहो, हें वाक्य परीक्षेपुरतें पाठ करूं नका. ज्यांच्या घरीं धान्य सांठवितात, त्यांनीं तें आज आपल्या वडिलांस समजावून सांगावें. वर्गांत शिकलेला धडा कोणा एकाचा प्राण वांचविण्याच्या कामीं आला, तर त्याहून मोठें यश तें कोणतें?